विद्यापीठाचा महोत्सव : घोडा त्यांचा, पेंढी आमची!



दरसाल पावसाळा सरत आला, की आमच्या चार जिल्ह्यांच्या विद्यापीठात, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, उत्सवाचे वारे वाहू लागते. युवक महोत्सव येतो. गायन, नृत्य, नाटक, वक्तृत्व, वादविवाद, रांगोळी, चित्रे यांच्या चढाओढी लागतात. मागोमाग संशोधनाची 'आविष्कार' स्पर्धा आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे यांचे सामने. येथे निवडलेली मुले पुढे राज्याच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवाला आणि आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला जातात. मांडव पडतो, कमानी उभ्या राहतात, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट काहीच नाही. तरण्या पोरांनी गावे, नाचावे, धावावे, भर सभेत उभे राहून आपले मत ठणकावून सांगावे. शेणामातीत वाकलेल्या बापाच्या पोराला हे हवेच हवे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की हा मांडव पडतो कोणाच्या पैशाने, आणि त्याच्या सावलीत बसतो कोण?

हा प्रश्न आजचा नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्याचे सार हेच होते. सरकारचा खजिना भरतो कुणब्याच्या घामाने. त्यातून विद्येचा वाटा निघतो, तो मात्र वरच्या वर्गांच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, आणि खेड्यातली शाळा उपाशी राहते. जोतीरावांनी मागितले ते काय? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्रत्येक मुलाला सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या, शेतकऱ्यांच्या जातींतूनच शिक्षक तयार करा, आणि त्या शिक्षकाला पोटभर पगार द्या. या मागणीत अवघड असे काय होते? पण ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली, त्याला दुसऱ्याची भूक दिसत नाही.

त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या अमलात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च विद्या देण्याचे ते मोठेच काम होते; पण ती भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्या-कुंभाराच्या पोराला त्या दारातून आत जाण्याची वाट कोठे होती? ज्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे, ते स्वतः हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे मास्तर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याच साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, आणि १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. कंधारात भाई केशवराव धोंडग्यांनी तर आपल्या संस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला. शाळा कोणासाठी, हे पाटीवरच लिहून टाकले!

आणि मग नामांतराचा लढा झाला. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावगाड्यातल्या दांडग्यांनी दलितांच्या वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळ्यांचा जीव घेतला. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा कोठे १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले. त्याच साली, १७ सप्टेंबरला, नांदेडचे विद्यापीठ स्वतंत्र झाले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. हे सारे सांगण्याचे कारण असे, की मराठवाड्यात विद्यापीठ म्हणजे नुसती दगडविटांची इमारत नव्हे. त्याच्या पायाखाली माणसांचे रक्त आहे. तेव्हा त्याच्या अंगणात कोण नाचतो आणि कुंपणाबाहेर कोण उभा राहतो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक झोपडीला आहे.

आता कपाटातून आपल्या मुलाच्या प्रवेशाची पावती काढा. स्वतःला वाचता येत नसेल, तर मुलाकडून वाचून घ्या. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क यांच्याखाली बारीक अक्षरांत आणखी ओळी असतात. कोठे त्यांना विद्यार्थी कल्याण म्हणतात, कोठे क्रीडा, कोठे युवक महोत्सव, कोठे स्नेहसंमेलन. प्रत्येक ओळीची रक्कम लहान, म्हणून डोळ्यांत भरत नाही. पण ती प्रत्येक पोराकडून, दरसाल, न चुकता घेतली जाते. जो नाचणार त्याच्याकडून, आणि ज्याने महोत्सवाचा मांडव उभ्या जन्मात पाहिला नाही त्याच्याकडूनही! सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले, हे चांगलेच झाले. परंतु माफी त्या दोन ओळींची. खालच्या बारीक ओळी जागच्या जागी आहेत.

यांतील एक ओळ विशेष पाहण्यासारखी आहे. राज्याचा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव पुष्कळ वर्षे 'अश्वमेध' या नावाने चालला, आणि त्याच नावाने पोरांकडून शुल्कही घेतले गेले. वाहवा रे नाव! अश्वमेध म्हणजे काय? राजाने घोडा सोडायचा, घोडा जाईल ती जमीन राजाची, अडवील त्याशी युद्ध, आणि शेवटी ब्राह्मणांना दक्षिणा. हे नाव कुणब्याच्या, धनगराच्या, महारा-मांगाच्या पोरांच्या बनियनवर छापावे, आणि त्यांच्याच बापांकडून घोड्याचा खर्च काढावा! ज्यांच्या घरी बळीचे राज्य येवो म्हणून दिवाळीत ओवाळतात, त्यांच्या मुलांच्या खेळाला दुसरे नाव मिळाले नाही काय? घोडा सोडणार ते, आणि पेंढी टाकणार आम्ही.

पैशाचे असे झाले. आता मांडवात कोण असतो, ते पाहू.

युवक महोत्सव बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास भरतो. ऑक्टोबरात आमच्याकडे काय असते, हे लातूरच्या अडतीवर पोते टाकणाऱ्या कोणालाही विचारा. सोयाबीनची काढणी! शेंग वाळली की दोन दिवस थांबता येत नाही. तडकली तर दाणा मातीत. वर परतीचा पाऊस टपलेला. त्या आठवड्यात घरात हात चालवणारे जेवढे, तेवढे रानात लागतात. महाविद्यालयात शिकणारा पोरगा म्हणजे घरचा सर्वांत दणकट गडी. तो विळा टाकून समूहनृत्याच्या तालमीला कसा जाईल? दसरा झाला की मुखेड, कंधार, लोहा, जळकोटच्या माळरानावरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या घरांतले पोर धाकट्या भावंडांना सांभाळीत मागे राहते, नाहीतर कोयता घेऊन बरोबर जाते. अशा वेळी महोत्सवाची तारीख धरणारा माणूस या मातीत राहतो, असे कोण म्हणेल?

गावातून महाविद्यालयात जायचे तेच कठीण. खेड्यातल्या मुलींना एस. टी. चा मोफत पास आहे तो बारावीपर्यंत. पुढे सवलत मिळते, पण तेवढेही पैसे ज्या घरात नसतात, तेथे पोरीचे शिक्षण थांबते. तालीम तर वर्ग सुटल्यावर संध्याकाळी. शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली. मग तालमीला राहतात कोण? शहरात घर असलेली, नाहीतर वसतिगृहाचा खर्च झेपणारी मुले. पोशाख भाड्याचे, नृत्य बसवणारा शहरातून पैसे देऊन आणलेला. संस्थेपाशी पैसा असला तर तिचा संघ झळकतो, नसला तर पोरांनी वर्गणी काढायची.

माझ्या शाळेतून पुढे गेलेली एक मुलगी. बाप सुतार. पायात नीट चप्पल नसतानाही गावच्या पांदीत पोरांना मागे टाकणारी. महाविद्यालयात तिने धावण्यात पहिला नंबर काढला. निवड चाचणीला दुसऱ्या गावी जायचे, तर तिला सांगण्यात आले की आधी खर्च स्वतः करा, पावत्या आणा, पैसे मागाहून मिळतील. बापाने एका शेतकऱ्याकडून उचल घेतली. पैसे आठ महिन्यांनी हाती आले, आणि तेही अर्धे. पुढच्या वर्षी पोरगी धावलीच नाही. खेळाच्या नावाने तिच्याकडून घेतलेली रक्कम मात्र आधी, रोख आणि पुरती घेतली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आमच्या आज्यांनी उगीच केली नाही.

आता कलेकडे या. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या महोत्सवांत पोवाडा, भारूड, लावणी, लोकनृत्य, जलसा यांच्या स्पर्धा होतात. ऐकून छाती फुगते. हे सारे आपलेच आहे. गोंधळ्याचे संबळ, मांगाची हलगी, वासुदेवाची टाळी. पण गुण देण्यासाठी समोर बसतो कोण? ज्याच्या घरात सात पिढ्या संबळ वाजले, तो गोंधळी परीक्षकाच्या खुर्चीवर का दिसत नाही? रांगोळी आणि मातीकामाला बक्षीस आहे. मग गावच्या कुंभाराला मांडवात मानाने बोलावून, पोरांना चाक फिरवून दाखवा, असे म्हणायला काय हरकत? आमची कला चालते, आमचा माणूस चालत नाही! ढोल आमचा, नाच आमचा, प्रशस्तिपत्र त्यांचे.

जलशाची तर फारच शोकांतिका. सत्यशोधकांनी जलसा काढला तो टाळ्या घेण्यासाठी नव्हे. तमाशाचाच साज घेऊन, गावच्या चावडीपुढे, सावकाराचे खोटे व्याज आणि भटाचे खोटे मुहूर्त यांची वस्त्रे फेडण्यासाठी काढला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ऐकून माणसे मेलेली जनावरे ओढणे सोडीत, मुले शाळेत घालीत. आज तोच जलसा ठरलेल्या मिनिटांत बसवायचा, घंटा वाजली की थांबायचे, आणि समोर पाहुणे म्हणून ज्यांच्याविरुद्ध तो गायला पाहिजे तेच बसलेले! वाघाला सर्कशीत आणून स्टुलावर बसवला, की तो वाघच राहतो काय?

खेळाचे पाहा. स्वतंत्र हिंदुस्थानला ऑलिंपिकात पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीत. गोळेश्वरच्या शेतकरी घरातला मल्ल. जाण्यासाठी पैसा नव्हता. त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, गावाने वर्गणी काढली. गुरुजन तसेही असतात! आमच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते तालमीच्या लाल मातीतून. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याने २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक घेतले; त्याला वाट दाखवली फौजेने. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी अपंगत्वावर मात करून गोळाफेक केली, आणि २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकात देशाचा झेंडा हाती धरून चालल्या. म्हणजे या मातीत बळ नाही, असे कोणी म्हणू नये. बळ आहे, त्याला हुडकून काढणारा हात नाही.

तो हात कोठे असायला हवा? खालच्या शाळेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरांवर मुले असतील, तरच कला आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक ठरवला. आमच्या खेड्यांत शंभरांवर मुले किती शाळांत आहेत? म्हणजे खेड्यातल्या पोराला खेळाचा शिक्षक नाही, गाण्याचा नाही, चित्राचा नाही. एकच मास्तर गणितही शिकवतो, खिचडीचा हिशेबही लिहितो आणि शिट्टीही वाजवतो. वर २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. वाडीवरची शाळाच हलली, तर लहान पोरगी ओढा ओलांडून जाणार कशी? बी पेरायचे नाही आणि शेंड्यावर रोषणाई करायची, ही कोणत्या गावची शेती?

संशोधनाचेही तेच. 'आविष्कार' स्पर्धेत शेती आणि पशुपालन यांचा स्वतंत्र विभाग असतो. उत्तम! २०२३ साली पिवळ्या मोझॅकने लातूर-नांदेडकडचे सोयाबीन उभ्या रानात पिवळे पडले. पांढऱ्या माशीने पसरणारा हा रोग कसा ओळखावा, कोणते रोप वेळीच उपटून टाकावे, हे एखाद्या हुशार मुलीने तक्त्यावर मांडले असेल. पण तो तक्ता दालनात लागतो, परीक्षक पाहतात, संध्याकाळी गुंडाळतात. आठवडी बाजारात, आडतीच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या पडवीत तो का लागत नाही? ज्याचे पीक गेले त्यालाच तो वाचायला मिळू नये, असा कोणता शास्त्राधार आहे?

याला जबाबदार कोण, हे सांगताना आता जुना पाढा म्हणून चालणार नाही. एके काळी भटजी आणि शेटजी ही जोडी पुरी होती. आज तिसरे आले आहेत, त्यांना मी संस्थाजी म्हणतो. हे पुष्कळ वेळा आपल्याच जातीचे, आपल्याच गावचे, आपल्याच मतांवर मोठे झालेले. भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी लावतात, भाषणात बहुजन हा शब्द दहा वेळा उच्चारतात, आणि हिशेब मागितला की कपाळाला आठ्या घालतात. जोतीरावांनी जानवे पाहून माणूस ओळखायला सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या कष्टावर जगतो कोण, ते पाहायला सांगितले होते. सगळेच संस्थाचालक असे नाहीत, भल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन काढलेल्या शाळाही आहेत. ज्याला ही टोपी बसत नसेल त्याने ती घालू नये.

कोणी म्हणतील, मास्तर उत्सवाचा वैरी आहे. मुळीच नाही! शाहू महाराजांकडे पाहा. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात बोर्डिंगांना सुरुवात केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. त्याच महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले आणि शेजारी १९१५ साली नाटकगृह उभारले. विद्या, खेळ आणि कला, तिन्ही एकाच राजाने एकाच गावात दिली. पण ती खालून वर दिली. आधी पोराला वसतिगृहात भाकर आणि शाळेत जागा, मग त्याच्या कुस्तीला मैदान आणि गाण्याला रंगमंच. आमचे म्हणणे याहून वेगळे नाही.

कोणी असेही म्हणतील, की आता पोरांनाच हौस उरली नाही, सारी मोबाइलात डोकी घालून बसली आहेत. जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जा, सप्ताहातल्या भजनाला जा, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पाहा, मग बोला. हौस मरत नाही, दार बंद असले की ती दुसरीकडे जाते.

तेव्हा मागावे काय, ते स्पष्ट सांगतो. पहिले, महोत्सव, खेळ आणि विद्यार्थी कल्याण या नावांनी किती पैसा जमला व कशावर खर्चला, याचा हिशेब प्रत्येक महाविद्यालयाने मराठीत फलकावर लावावा. दुसरे, तारीख सोयाबीनची काढणी सोडून धरावी. तिसरे, निवडलेल्या मुलाचा प्रवास, जेवण आणि पोशाख यांचा पैसा त्याच्या हाती आधी पडावा. चौथे, लोककलांच्या परीक्षकांत गावचे गोंधळी, शाहीर, हलगीवाले मानधन देऊन बसवावेत. पाचवे, जमलेल्या निधीतील ठरावीक वाटा तालुक्यांच्या मैदानांवर आणि खेड्यांतील शाळांच्या खेळावर खर्च व्हावा. सहावे, महोत्सवाचा निदान एक दिवस विष्णुपुरीच्या आवारात किंवा शहरातल्या महाविद्यालयात न भरता एखाद्या खेड्यात, बाजाराच्या दिवशी भरावा, म्हणजे आईबापांना आपले पोर रंगमंचावर दिसेल.

आणि हिशेब कोणी देईना, तर रडत बसू नये. २००५ साली माहितीचा अधिकार कायदा झाला आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा, दहा रुपये फी भरा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तीही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. न दिल्यास वर अपील करा. विद्यापीठ सार्वजनिक आहे, अनुदान घेणारे महाविद्यालयही या कायद्यातून सुटत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर आपल्या गावच्या मास्तराकडे जा. तो लिहून देईल; न देईल तर तो मास्तर कसला?

या हंगामात मुलाची फी भरायला जाल, तेव्हा खिडकीपाशी एकच प्रश्न विचारा : या ओळीतले पैसे गेल्या वर्षी कोठे गेले? एकाने विचारले तर कारकून हसेल. दहाजणांनी विचारले तर तो साहेबाकडे पाहील. आणि गावोगावच्या बापांनी, आयांनी विचारले, तर पुढल्या वर्षी मांडव पडेल तेव्हा त्यात आपली सुताराची, कुंभाराची, कुणब्याची, मांगाची पोर असेल. पेंढी टाकण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या पायांनी धावण्यासाठी.

— एक खेड्यातील शाळामास्तर